इन्स्टॉल केलंस का?

विद्यार्थ्यांची पारख मी बरीच वर्षं एका प्रश्नावर करत आले. लिनक्स वापरतो म्हणणारा कुणी समोर आला की मी विचारायचे, "इन्स्टॉल केलंस का?" हो म्हणाला की माझ्या लेखी तो गंभीर. "नाही मॅडम, सध्या पेन ड्राइव्हवरूनच चालवतोय," असं उत्तर आलं की माझं त्याच्याकडचं लक्ष उडायचं. मी रागावत नसे, टोचून बोलत नसे. पुढच्या वेळी काही नवं दाखवायचं असलं, एखाद्या स्पर्धेला नाव पाठवायचं असलं, तर ते नाव मला आठवत नसे, एवढंच. शिक्षकाच्या विसरण्यानेही मुलांचं नुकसान होतं, हे मला कळत होतं. तरीही मी त्या प्रश्नाला चिकटून राहिले.

मी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर विभागात शिकवते. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम (लिनक्स त्यातलीच एक) सहसा आतल्या हार्ड डिस्कवर बसवलेली असते. पण तीच सिस्टिम सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवून थेट तिथून चालवता येते. डिस्कवर काही लिहिलं जात नाही. यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढला की यंत्र पहिल्यासारखं. याला लाईव्ह चालवणं म्हणतात. जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी २००० साली आणलेल्या क्नॉपिक्स या लिनक्समुळे हा प्रकार खऱ्या अर्थाने सर्वदूर पोचला. ७०० एमबीच्या एका सीडीत त्यांनी सुमारे दोन जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलं होतं आणि ती सीडी घालून जवळपास कुठलंही यंत्र सुरू करता येत होतं. जून २००६ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने लाईव्ह चालवणं आणि इन्स्टॉल करणं एकाच सीडीवर आणलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये सुरुवातीलाच दोन पर्याय समोर येऊ लागले: वापरून पाहा, किंवा इन्स्टॉल करा.

त्या दोन पर्यायांमधून मी एक क्रम वाचला. पहिला पर्याय म्हणजे उंबरठा, दुसरा म्हणजे घर. जो उंबरठ्यावरच थांबतो त्याला आत यायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

माझ्याकडे कारणं नव्हती असं नाही. सीडीवरून चालणारी सिस्टिम खरंच संथ असायची. हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागत, तर सीडी ड्राइव्हला शंभरच्या आसपास. मेन्यू उघडायचा म्हटलं तरी ड्राइव्ह घरघरत राही. शिवाय लाईव्ह सिस्टिम सगळं विसरते. लिहिलेला प्रोग्रॅम, बदललेली सेटिंग, इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करण्यासाठी केलेली जुळवाजुळव, यंत्र बंद झालं की सगळं गेलं. अपडेटही नीट होत नाहीत. जी सिस्टिम आपल्याला ओळखत नाही तिच्याशी आपली ओळख कशी होणार, असं मी वर्गात म्हणत असे. ते ऐकायला चांगलं वाटायचं.

पण खरं कारण यापैकी एकही नव्हतं. इन्स्टॉल करायला धाडस लागतं, असं मला वाटायचं. पार्टिशन करायचं, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचे, जुन्या सिस्टिमची जागा कमी करायची, बिघडलं तर निस्तरायचं. मी स्वतः त्यातून शिकले होते आणि त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान मी मुलांवर अट म्हणून लादला. मी घेत असलेल्या इन्स्टॉलेशनच्या एका कार्यशाळेत एका मुलाच्या घरच्या यंत्रातलं डेटाचं पार्टिशन पुसलं गेलं. चुकीच्या ओळीवर त्याने होकार दिला होता. त्या डिस्कवर त्याच्या घरच्यांचे फोटो होते. मी त्याला म्हणाले, "बॅकअप घ्यायला हवा होता." वाक्य बरोबर होतं. पण त्याच्या घरची एकुलती एक डिस्क मी सरावासाठी वापरायला लावली होती, हे मी स्वतःशी कबूल केलं नाही. त्या दिवशीही माझं मत बदललं नाही. आज ते आठवलं की मला त्या अपघातापेक्षा माझ्या निबरपणाचंच जास्त वाईट वाटतं.

मत बदललं ते एका तोंडी परीक्षेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. मुलं आपापले लॅपटॉप घेऊन येत होती. एक मुलगी फक्त पेन ड्राइव्ह घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, लॅबचं मशीन यावरून बूट करू का?" आमच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्हवरून बूट करणं बंद होतं. यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या बायोसला पासवर्ड होता आणि तो मीच घातलेला होता. मी उठून पासवर्ड टाकला आणि टाकता टाकता बोलून गेले, "डिप्लोमा संपत आला तरी अजून लाईव्हवरच? इन्स्टॉल कधी करणार?"

ती वरमली नाही. तिने सरळ सांगितलं. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या भावाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. घरातला एकमेव कॉम्प्युटर तोच. गावातल्या लोकांचे दाखले, आधारच्या प्रती, सातबारे, सगळं त्यात. "दादाच्या मशीनला हात लावायचा नाही, असं बाबांनी सांगितलंय. आणि ते बरोबरच आहे मॅडम, लोकांची कागदपत्रं असतात. दुकान मिटलं की मी पेन ड्राइव्ह लावते, माझं काम करते, काढून घेते. सकाळी त्याचं मशीन त्याला जसंच्या तसं मिळतं. इन्स्टॉल करायचं म्हटलं असतं तर मला बसूच दिलं नसतं. हा प्रोजेक्ट झालाच नसता."

शेवटचं वाक्य तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. ती फक्त माहिती देत होती. पण मला पुढचा प्रश्न सुचेना.

मग मी तिचं काम पाहिलं. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी तिने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचा घन अंश) भरलं की दराच्या तक्त्यानुसार दर दहा दिवसांचं बिल निघत होतं. उचल आणि पशुखाद्याचे पैसे वजा होऊन. काम नेटकं होतं. मी सवयीने अडवायला बघत होते, म्हणून विचारलं, "लाईव्ह सिस्टिम तर सगळं विसरते. मग हे राहिलं कसं?"

तिने समजावून सांगितलं. पेन ड्राइव्हवर सिस्टिमची मूळ प्रत दाबून ठेवलेली असते, तिच्यात कुणालाच काही लिहिता येत नाही. आपण केलेले बदल वेगळ्या थरात साठतात, आणि वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच सिस्टिम दिसते. तो थर मेमरीत ठेवला तर यंत्र बंद होताच जातो, पेन ड्राइव्हवर जागा दिली तर टिकतो. ही जागा तिने आधी एका फाइलमध्ये दिली होती, पण पेन ड्राइव्हच्या फॅट ३२ या फाइल सिस्टिममध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. जागा संपल्यावर तिने पेन ड्राइव्हचंच वेगळं पार्टिशन केलं. म्हणजे पार्टिशन करणं, जे धाडस मी मुलांकडून मागत होते, ते ती केव्हाच शिकली होती. फरक इतकाच, की चुकलं तर नुकसान तिचं एकटीचं झालं असतं, भावाच्या दुकानाचं नाही.

"आणि पेन ड्राइव्हच गेला तर?" मी विचारलं.

तिने दप्तरातून दुसरा काढला. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली होती. "हे कधीही जातात मॅडम, म्हणून दोन. रोज रात्री कॉपी करते." त्या दिवशी आलेल्या लॅपटॉपवाल्यांना मी मग मुद्दाम विचारत गेले. प्रोजेक्टची दुसरी प्रत सोबत असलेला जवळपास कुणीच नव्हता. डिस्कवर इन्स्टॉल केलेलं म्हणजे पक्कं, असा समज मीच त्यांना दिला होता.

मला जे लागलं ते मात्र याहून वेगळं होतं. मी स्वतः बाई आहे. घरातला कॉम्प्युटर कुणाच्या खोलीत असतो, कुणाचं काम आधी, कुणाला तो रात्री उशिरा मिळतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी 'इन्स्टॉल केलंस का' या प्रश्नात घरातल्या डिस्कवर तुझा हक्क आहे का, हा प्रश्न दडलेला आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मुलांची तांत्रिक जिद्द जोखते आहे असं मी समजत होते, आणि प्रत्यक्षात त्यांच्या घरची परिस्थिती मोजत होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला संसारच नाही असं म्हणावं, तसं माझं चाललं होतं. त्या वर्षांत किती मुली माझ्या प्रश्नाला 'नाही' म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसल्या असतील, ते मला माहीत नाही. आता शोधूनही कळणार नाही.

त्या रात्री मला माझं स्वतःचं शिक्षण आठवलं, आणि मी ते किती सोयीने विसरले होते हे पाहून लाज वाटली. मी डिप्लोमा केला तेव्हा लॅबमधल्या बऱ्याच मशीनना हार्ड डिस्कच नव्हती. दोन फ्लॉपी ड्राइव्ह असत. ए मध्ये डॉसची फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं, बी मध्ये आपलं काम ठेवायचं. सव्वापाच इंची, ३६० केबीची ती काळी चकती वाकू नये म्हणून मी वहीत ठेवायचे. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तोच हार्ड डिस्कशिवाय. दहा एमबीची डिस्क घेऊन एक्सटी आला १९८३ मध्ये. ए आणि बी ही अक्षरं आधीच फ्लॉपींना दिलेली होती म्हणून डिस्कच्या वाट्याला सी आलं. म्हणजे काढता येणाऱ्या चकतीवरून यंत्र चालवणं हीच पीसीची मूळ रीत होती. आणि त्या काळात मशीन माझं नव्हतं, लॅब माझी नव्हती, माझी होती ती फक्त फ्लॉपी. तेव्हा मला कुणी विचारलं असतं, "स्वतःच्या डिस्कवर बसवलंस का?" तर मी कॉम्प्युटर सोडून दुसरं काही शिकले असते.

मत एकदा तडकलं की आजवर नजरेआड केलेल्या गोष्टी दिसू लागतात. मला पहिल्यांदा दिसली ती माझीच लॅब. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे वीज कधीही जायची आणि यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच बसलेल्या होत्या. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की परत आल्यावर काही मशीन सुरूच होत नसत. मी पुढचा तास फाइल सिस्टिम दुरुस्त करण्यात घालवायचे आणि मुलं ताटकळत बसायची. ज्या मूळ प्रतीवर काही लिहिलंच जात नाही, ती वीज गेल्याने सहसा बिघडत नाही. दर सकाळी सिस्टिम कोरी, कालच्यासारखीच. जिथे दिवसभरात चार तुकड्यांची मुलं एकाच मशीनवर बसतात तिथे मी ज्याला दोष म्हणत होते ते विसरणं हाच सगळ्यात मोठा गुण होता. लाईव्ह सीडी माझ्या टेबलाच्या खणात पडून होत्या आणि मी डिस्का दुरुस्त करत होते.

मग मी शोधून वाचत गेले. २००९ पासून टेल्स नावाची एक सिस्टिम निघते आहे. डेबियन लिनक्सवर आधारलेली, इंटरनेटवरचं सगळं येणं-जाणं टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यामधून करणारी. ती सहसा पेन ड्राइव्हवरून चालवायची, डिस्कवर इन्स्टॉल करायचा पर्यायच तिने ठेवलेला नाही. बंद होताना ती मेमरीही पुसते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी दिलेली कागदपत्रं हाताळणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली होती. ज्यांच्या कामात चूक परवडत नाही त्यांनी निवडलेल्या सिस्टिमला मी कुठल्या तोंडाने उंबरठा म्हणत होते?

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीचा भारतातला एक सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत झाला. त्या लॅपटॉपवर मुलांसाठी बनवलेली शुगर नावाची प्रणाली होती. पण प्रत्येक मुलाला यंत्र देणं बहुतेक सरकारांना महाग. २००९ मध्ये शुगर लॅब्जने तीच प्रणाली पेन ड्राइव्हवर आणली. यंत्र शाळेचं असो, शेजाऱ्याचं असो, मुलाची चित्रं, लिखाण आणि अर्धवट राहिलेले प्रयोग त्याच्या खिशात राहावेत, ही त्यामागची कल्पना. मी हे त्या वर्षी कुठेतरी वाचलंही होतं. लहान मुलांची गंमत म्हणून पान उलटलं होतं.

मत बदललं म्हणून मी आता दुसऱ्या टोकाला गेलेले नाही. जुन्या आक्षेपांपैकी काही आजही खरे आहेत आणि ते मी मुलांना सांगते. बदल साठवणारा थर फुगत जातो. अपडेट केलेली प्रत्येक फाइल मूळ प्रतीच्या वर नव्याने बसते आणि खालची जुनी जागा अडवून राहते. सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल तर बहुधा मूळ प्रतीतलाच सुरू होतो, त्यामुळे त्यातली सुरक्षेची दुरुस्ती हवी असेल तर पेन ड्राइव्ह नव्याने बनवणं बरं. स्वस्त पेन ड्राइव्हमधल्या चिपवर पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते आणि एसएसडीइतकी ती झीज सगळीकडे सारखी वाटली जात नाही. परक्या यंत्राच्या हार्डवेअरमध्येच कुणी काही पेरून ठेवलं असेल तर पेन ड्राइव्ह काही करू शकत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये कंपन्यांसाठी पेन ड्राइव्हवरून चालणारी विंडोज आणली होती आणि २०२० मध्ये काढून टाकली. मोठे अपडेट त्यावर होत नव्हते, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक.

म्हणून रोजचं यंत्र स्वतःचं असेल तर इन्स्टॉल करावं, हे मी आजही सांगते. आणि यंत्र स्वतःचं नसेल पण काम रोजचं असेल, तर तिसरी वाट आहे. बाहेरून लावायच्या छोट्या एसएसडीवरच पूर्ण सिस्टिम इन्स्टॉल करायची. मग थरांची भानगड नाही, अपडेट नेहमीसारखे होतात आणि यूएसबी ३ वर वेगही चांगला मिळतो. तिथे एकच काळजी: सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर त्या बाहेरच्या डिस्कवरच गेला पाहिजे. काही इन्स्टॉलर तो गुपचूप आतल्या डिस्कवर टाकतात आणि मग बाहेरची डिस्क काढली की घरचं मशीन सुरू होताना अडतं. भावाच्या मशीनला हात लावायला घाबरणाऱ्या त्या मुलीची भीती किती रास्त होती, हे मला त्यातून पुन्हा कळलं. तिला मी भित्री समजले होते. ती जबाबदार होती.

राहता राहिला बायोसचा तो पासवर्ड. मी तो घातला तेव्हा कारण व्हायरसचं दिलं होतं. ते खोटं नव्हतं, फ्लॉपीच्या काळापासून बूट होणाऱ्या चकतीबरोबर हा धोका येतोच. पेन ड्राइव्हवरून बूट करू दिलं तर बसणारा आतल्या डिस्कवरच्या दुसऱ्यांच्या फाइलीही उघडू शकतो, हेही खरं. पण त्यावर उपाय आहे. लॅबच्या डिस्कवर कुणाचंच खासगी काम ठेवायचं नाही, ते सर्व्हरवर किंवा ज्याच्या त्याच्याकडे. आता लॅबमध्ये काही मशीन मी पेन ड्राइव्हसाठी मोकळी ठेवली आहेत. पहिल्या सत्रातच मुलं स्वतःचा पेन ड्राइव्ह बनवतात, बदल टिकवायचा थर त्यात घालतात आणि दुसरी प्रत कशी ठेवायची ते शिकतात. इन्स्टॉलेशनचं प्रात्यक्षिक मी व्हर्च्युअल मशीनवर घेते, तिथे कुणाचे घरचे फोटो नसतात.

विभागाच्या बैठकीत मी एक प्रस्ताव दिला आहे. ओळखपत्र देतो तसा प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याला तयार पेन ड्राइव्ह द्यावा, आणि एक नव्हे, दोन. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, आता सगळ्यांकडे लॅपटॉप असतात. मी त्यांना मुलींना एकेकटीला गाठून विचारायला सांगितलं आहे, की लॅपटॉप आहे का, एवढंच नको, तो तुझा आहे का आणि किती वाजता मिळतो. खर्चाला अजून मंजुरी मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत मी हा मुद्दा दर बैठकीत मांडत राहणार आहे, कारण घरातलं यंत्र कुणाच्या नावावर असावं हे ठरवणं आमच्या हातात नाही, पण त्या यंत्रावर बसायला मिळालेला थोडा वेळ वाया जाऊ न देणं आमच्या हातात आहे.